दसऱ्यापास्नं अडलेली लाईन

लाईन तुटली ती नेमकी त्या शब्दावर. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ह्येंचं नाव आलं, नावाच्या म्होरं इंग्रजी अक्षरं आली, मी एकेक अक्षर जोडत व्हते, एम, ई, एल, ए, मे... ला, म्होरं अजून कायतरी व्हतं, 'ला का' असलं, त्याचा अर्थच लागंना, म्हून मी त्यावर दाबलं, म्हनलं आत समदं लिवलं असंल, तर आतलं उघडायच्या आदीच काळ्या डबीवरचा दिवा इजला आनि समदा पडदा पांढरा झाला. मेला. परत वाचाय गेले तर वाचाय काय ऱ्हायलंच न्हवतं. पदराखाली पोरगी दूद पीत व्हती, तिला मी एवढी आवळली की ती तोंड सोडून रडाय लागली.

कोन मेला?

सांगते. गडबडीत सांगायची सवय हाय माझी, पर सांगते नीट. त्या वक्ताला, म्हंजी शतक सरत आलं व्हतं तवा, आमी रहिमतपूरला ऱ्हायचो. घरात तिघीच. मी, माझी सासू आनि मांडीवरची पोरगी. हे आखातात गेल्याले, तेलाच्या एका कंपनीत फिटर. पोरगी पोटात असतानाच गेलं, म्हंजी लेकीचं तोंडबी बगितलं न्हवतं त्येंनी. तिकडनं फोन लावायचा तर लय म्हाग, आनि आमच्या घरच्या फोनवरनं तिकडं लागायचाच न्हाई. म्हून जायच्या आदी त्येंनी जुना कॉम्प्युटर आनला, फोनच्या तारंला ती काळी डबी जोडली, मोडेम म्हनत्यात तिला, आनि मला शिकवलं. मी आठवी नापास. इंग्रजी अक्षरं वळकायची, बास. हे म्हनले, "अगं मराठीच लिवायचं, अक्षरं तेवढी इंग्रजी. बोलतीस तसंच लिव." तर 'आमी बऱ्या हाय' एवढं लिवायला माझी भाजी करपायची.

त्येंच्या खोलीत फलटणचा एक गडी व्हता. त्याचं बोट भरभर चालायचं. ह्येंची रात्रपाळी असली की ह्येंच्या नावावरनं तोच लिवायचा, "वहिनी, दादा कामावर हाय, बरा हाय." म्हून तर मनात आलं. नाव ह्येंचं हाय खरं, पर लिवलंय कोनी? आनि तो शब्द कुनासाठी लिवलाय? गेल्या शुक्रवारी, त्येंच्या सुट्टीच्या दिशी, मेल न्हाई, फोन न्हाई. त्याच्या आदल्या फोनात हे म्हनलं व्हतं, आता उंच टाकीवर काम लागलंय, वरनं मानसं मुंगीएवढी दिसत्यात. ते मुंगीएवढी माझ्या डोक्यातनं जाईना.

सासू दारात सूप घेऊन गहू निवडत व्हती. तिथनंच म्हनली, "का गं, लाईन गेली व्हय?"

आमच्याकडं लाईन म्हंजी लाईटबी आनि फोनबी. मी म्हनलं, "लाईट हाय आत्या. फोनची गेली."

"काय म्हनतोय त्यो? आलंय का काय त्याचं?"

आता काय सांगायचं? तिचा एकुलता एक ल्योक. मी पडद्याकडं बगतच म्हनलं, "काय न्हाई. वाट बगा म्हनतंय मशीन."

तिनं सूप खाली ठिवलं, आत गेली, आनि दुदाचा पेला आनून माझ्या हातात दिला. "आदी ह्यो पी. मग मशीन."

"मला नको."

"तुला न्हाई म्हनत. पोरीला म्हनतीया. तुझ्यातनंच जातंय नव्हं तिला?"

पेला रिकामा होईस्तवर हलली न्हाई म्होरनं.

मग मी लाईन लावाय बसले. ती डबी आदी चिंचिं करायची, मग खर्र खर्र, मग घशात कायतरी अडकल्यावानी, आनि मग लागायची न्हाईतर न्हाई. दसऱ्यापास्नं तिचं असंच चाललं व्हतं. एक पान उघडायचं तर चुलीवरच्या समद्या भाकरी व्हायच्या तरी निम्मं पान अंधारात. त्या दिशी तर निम्मंबी येईना. लागली की तुटायची, तुटली की मी परत लावायची. पोरगी खांद्यावर, एक हात पोरीच्या पाठीवर, एक हात मशीनवर, आनि तोंडानं देवाचं नाव.

शेवटी स्टँडजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवनाऱ्या भाऊंला फोन केला. आमचं कनेक्शन त्येंनीच जोडून दिल्यालं. मानूस चांगला, लगीच लुना घेऊन आलं. आल्या आल्या मशीन बंद करून चालू केलं. डबीची तार काढली, आपल्याजवळची लावली. दुसरा नंबर लावून बगितला. काय फरक न्हाई. मग फोनच कानाला लावला आनि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, ऐका की. किती खरखर हाय. असल्या लाईनीतनं मेल यायचा म्हंजी चिखलातनं सायकल."

"मग काय करायचं वो भाऊ?"

"फोनच्या हापिसात तक्रार द्या. पर दिवाळी आलीया, त्येंचा मानूस कवा फिरकंल सांगता येत न्हाई. त्यापरीस मी काय म्हनतो, ही इंटरनेटची कंपनीच बदलून टाका. नवीन खाजगी आलीया. साताऱ्यात मिळती तिची शीडी, कॉम्प्युटरात घालायची चकती. तिचा नंबर मोकळा असतोय, गर्दी न्हाई कसली."

मी कशालाबी व्हय म्हनले असते. माझं मंगळसूत्र बदला म्हनलं असतं तरी... न्हाई, ते नको. मी म्हनलं, "आना. आत्ताच आना." मग एकदम भ्या वाटलं. "पर भाऊ, कंपनी बदलली तर ह्या कंपनीतला मेल हितंच ऱ्हाईल की."

"न्हाई वो, मेल लांब दुसऱ्याच पेटीत असतोय. तुमी कुठल्याबी वाटंनं जावा, पेटी तीच." मग त्येंनी इचारलं, "मेलाच्या शेजारी टाचनीवानी खून व्हती का?"

"व्हती."

"मग फोटो हाय त्यात. म्हून जड झालाय."

फोटो. आता फोटो कशाला धाडला? कशाचा? मी पोरीला खाली गोधडीवर ठिवलं, म्हनलं हातातनं सुटंल.

सासू तवर शेजारी येऊन उबी ऱ्हायलेली. ती भाऊंला म्हनली, "का रं बाबा, ही नवी कंपनी तार कुठली आनार?"

"तार हीच काकू. फोनचीच."

"म्हंजी मेंढरं दुसरी, वाट हीच."

भाऊ हसलं. "पर गर्दी कमी काकू. गर्दी कमी असली की पळत्यात की मेंढरं."

"वाटंत काटं असलं तर मोकळं मेंढरूबी लंगाडतंय. खरखर तारंत हाय म्हनतोस नव्हं तू?" मग म्हनली, "तरीबी तू जा. आन ती शीडी. तुझं खरं झालं तर तीच लावू. न्हाईतर च्या पिऊन जा."

भाऊंनी लुनाचं पायडल मारलं आनि गेलं साताऱ्याला. मी दाराच्या चौकटीला धरून उबी. साताऱ्याला जाऊन येईस्तवर माझं काय ऱ्हाईल, असं वाटत व्हतं.

आता माझ्या सासूबद्दल जरा सांगते, न्हाईतर म्होरचं कळायचं न्हाई. ती दुष्काळी मुलखातली, म्हसवडच्या पल्याडची. माहेर मेंढरं राखनारं. ल्हानपनी कळपासंगं चालत चालत पार कोकनात जायची. शाळा तिनं लांबनं बगितली, तीबी मेंढरं वळताना. सही म्हंजी आंगठा. पर एक गोष्ट तिनं मला शंभरदा सांगितल्याली. मेंढरू हरवलं की वरडत पळायचं न्हाई. पळालं की उरल्यालीबी फाकत्यात. एका जाग्याला उबं ऱ्हायचं, आनि शेवटचं कुठं बगितलं व्हतं ते आठवायचं, मग तिथनं म्होरं जायचं.

त्या दिशी ती तशीच उबी ऱ्हायली. आमच्या ल्हानशा खोलीत, मशीनच्या म्होरं, कंबरंवर हात ठिवून. मी नुसती हिकडनं तिकडं.

"बस खाली," म्हनली. "मला सांग, शेवटचा झटक्यात मेल कवा आला व्हता?"

"कवा म्हंजी... घट बसलं व्हतं तवा."

"घटात कवा? नीट आठव."

मी डोळं झाकलं. "अष्टमीला. आपुन कडाकन्या केल्या व्हत्या. हात तेलाचा व्हता माझा, पुसून मशीनवर बसले, आनि लगीच आला."

"आनि अडला कवा?"

"दसऱ्याला. सोनं वाटून आल्यावर बसले, तर उघडंना."

"मग अष्टमी आनि दसऱ्याच्या मदी काय झालं?"

"मदी काय, नवमी."

एवढं म्हनले आनि आमी दोघीबी एकमेकीकडं बगाय लागलो. खंडेनवमी! त्या दिशी घरातली हत्यारं, अवजारं पुजायची. आमच्या घरात इळी, खुरपं, कात्री, पाटा-वरवंटा, माझं शिलाई मशीन, समदं पुजलं व्हतं. आनि सासू म्हनल्याली, ल्योक ज्यातनं बोलतोय त्याला इसरून कसं चालंल? कॉम्प्युटरला झेंडूची माळ, काचंवर कुंकू, काळ्या डबीला हळद-कुंकू. काचंवरचं कुंकू मी दुसऱ्या दिशी पुसलं व्हतं.

"अगं बया," सासू म्हनली. "भिंतीवरची पांढरी डबी."

शिलाई मशीनच्या मागं, भिंतीला, फोनची तार जिथनं घरात येती तिथं चौकोनी पांढरी डबी व्हती. तिचं टोपन फुटल्यालं, कोपऱ्यात फट. सासूनं तिला नुसतं बोट लावलं न्हवतं. आवाज आदी हितनंच येतोय म्हनून वली हळद, वलं कुंकू, आनि वरनं आंब्याच्या पानानं तांब्यातलं पानी शिंपडलं व्हतं. चांगलं तीनदा. मी शेजारी घंटी वाजवत व्हते.

दोघींनी शिलाई मशीन वडलं. सासूनं पालथ्या चमच्याच्या दांडीनं डबीचं स्क्रू फिरवलं. टोपन निघालं आनि असा हळदीचा वास आला, लगनघरात येतोय तसा. आत बगितलं तर पितळंच्या दोन पट्ट्या, त्येच्यावर पिवळं-तांबडं वाळून खपली धरल्याली, आनि खपलीच्या कडंला हिरवंगार.

सासू खपलीकडं बगत म्हनली, "तुझ्या माहेरची हळद गं ही. सांगलीची. चिकटली म्हंजी चिकटली. सुटायचं नाव न्हाई."

तसल्या टायमालाबी मला हसू आलं, आनि हसता हसता डोळ्यातनं पानी आलं. तिनं बगितलं, पर बगितलंच न्हाई असं केलं.

"पितळ हाय. चिंच आन. चकाक करते."

"आत्या, चिंच नको! पानीच लागू द्यायचं न्हाई."

"मग?"

मी वातीचा कापूस आनि दाताचा जुना ब्रश आनला. ती खाली मांडी घालून बसली आनि खरवडाय लागली. मला अजून तिचं हात दिसत्यात. म्हातारीचं हात, नसा वर आल्याल्या, पर एक बोट हाललं न्हाई. माझं हात असं थरथरत व्हतं की मला नुसता कापूस पिंजून द्याय सांगितलं व्हतं तिनं, तरी त्यो खाली सांडत व्हता. ती पट्टीच्या ह्या अंगानं घासायची, फुकायची, परत घासायची. घाई न्हाई, कुरकुर न्हाई. मी मनात म्हनत व्हते, हिला काय ठावं न्हाई म्हून हिचं हात असं निवांत हायती. हिला ठावं असतं तर? आनि ते वझं माझ्या एकटीच्या उरावर हाय असं वाटून मला लय एकटं वाटलं.

"आता न्हवकानं काढते जरा," म्हनली आनि बोट आत घातलं.

"आई गं!" करून तिनं हात झटकला. आनि त्याच टायमाला फोन वाजला.

दोघीबी मागं सरकलो. फोन वाजतोयच.

सासू बोट तोंडात घालून म्हनली, "चावली गं मला. चावतीया म्हंजी जित्ती हाय लाईन. उचल की!"

मी उचलला. आदी खरखर, मग लांबनं, हिरीतनं आल्यावानी, "हॅलो, हॅलो, अगं हायसा कुठं तुमी? सकाळधरनं लावतोय, एंगेज, एंगेज, एंगेज! फोन बाजूला काढून ठिवलाय का काय?"

ह्येंचा आवाज. मी नुसता फोन कानाला दाबून धरला. सकाळधरनं मी मेल बगायला लाईन लावत व्हते, आनि मी लाईन लावली की फोन अडकायचा, आनि हे तिकडं बूथवर उबं ऱ्हाऊन नंबर फिरवत व्हते. मी त्येंला शोधायला पळत व्हते आनि माझ्या पळन्यानंच त्येंची वाट बंद व्हत व्हती.

"अगं बोल की! पोरगी बरी हाय नव्हं?"

सासूनं माझ्या हातातनं फोन घेतला. कानाला लावला. एक घटका ऐकून घेतलं. आनि म्हनली, "जेवलास का रं?"

बास, एवढंच. तिकडनं ते काय म्हनलं कुनास ठावं. "बरं," म्हनली, फोन मला दिला, आनि भिंतीला टेकून खाली बसली. पाय लांब करून. पदरानं तोंड पुसलं.

मी म्हनलं, "तुमी मेल केला व्हता..."

"व्हय की! त्याच्यासाठनं तर फोन केला. ह्या फलटणकराकडनं लिववून घेतलं, 'मेल आला का' म्हून. गेल्या बारीचंबी उत्तर न्हाई तुझं. आला का मेल?"

मेल आला का. मी मनात इंग्रजी अक्षरं मांडली. त्या गड्यानं जागा सोडली व्हती, पर चुकीच्या ठिकानी. मेल, मग जागा, मग आला, असं पायजे व्हतं. त्याची जागा एक अक्षर म्होरं पडली, आनि झालं 'मेला ला का'. तेवढ्यापायी मी दिवसभर मेले व्हते.

फोन ठिवल्यावर डबी पुसून कोरडी केली, टोपन बसवलं, आनि मी लाईन लावली. चिंचिं, खर्र, आनि लागली. मेल उघडला. फोटो वरनं खाली याय लागला, पट्टी पट्टी करून. आदी पिवळं हेल्मेट. मग कपाळ. सासू माझ्या खांद्यावरनं वाकून बगतीया, पोरगी तिच्या कडंवर. मग डोळं. "डोळं बारीक झालं गं उन्हानं." मग नाक. मग व्हट आलं, आनि नाक आनि व्हटाच्या मदी कायच न्हाई. सफा.

"मेला!" सासू वरडली. "मिशी कुठं घालवली गं मेल्यानं!"

मी हसाय लागले, आनि हसता हसता गप झाले, कारन ती हसत न्हवती. ती माझ्याकडं बगत व्हती. हळूच म्हनली, "आता म्हनाय हरकत न्हाई तो शब्द."

मला कळंना.

"सकाळी तू वाचत व्हतीस नव्हं, तोंडानं. मे... ला... मी दारात गहू निवडत व्हते. मला वाचाय येत न्हाई गं पोरी, ऐकाय येतंय."

"आत्या! मग तुमी काय बोललाच न्हाई?"

"तुझ्या पदराखाली लेकरू व्हतं. मी रडाय लागले असते तर तू हंबरडा फोडला असतास. भ्यालं की दूद आटतंय." पोरीला या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतलं. "आनि म्हनलं, मेंढरू हाय का न्हाई ते कळंस्तवर वरडायचं कशाला?"

सकाळपास्नं. दुदाचा पेला दिला तवा. भाऊंसंगं मेंढराचं बोलली तवा. माझ्या माहेरच्या हळदीला नाव ठिवलं तवा. डबी खरवडताना. समद्या येळंला तिला ठावं व्हतं. आनि ते हात हालले न्हाईत.

अंधार पडायच्या आत भाऊ शीडी घेऊन आलं. सासूनं त्येंला च्या दिला आनि डबीतली खपली कागदावर ठिवून दावली. भाऊ हसून हसून लोळलं. शीडी परत घेऊन गेलं, जाताना म्हनलं, "काकू, म्होरल्या नवमीला फूल वाहा. कोरडं." तिनं तसंच केलं, डबीपास्नं हातभर लांब पाट मांडून.

आता माझ्याबी केसात पांढरं आलंय, ती पोरगी लगनाची झालीया, आनि ती मावली गेली त्यालाबी लय वर्सं झाली. पर मी अजून त्याच दिवसाचा इचार करते. मी तिच्यापास्नं लपवलं, तिचा ल्योक म्हून. तिनं माझ्यापास्नं लपवलं, माझी पोरगी म्हून. एका खोलीत, एका डबीम्होरं, दोघी तोच शब्द गिळून बसल्याल्या. मला कवा वाटतंय, एकमेकीला सांगितलं असतं तर दोघींनी मिळून रडलो तरी असतो, तिला ते वझं एकटीनं वागवाय लागलं नसतं. कवा वाटतंय, सांगितलं असतं तर तिचंबी हात माझ्यावानी थरथरले असते, आनि ती डबी कुनीच उघडली नसती. मला काय ठरवता येत न्हाई. तुमीच सांगा. तुमी माझ्या जाग्याला असता, मांडीवर लेकरू, डोळ्याम्होरं तो शब्द, आनि दारात गहू निवडत बसल्याली त्याची आई, तर तुमी काय केलं असतं?